मिलिमीटरला पंचेचाळीस हजार

नमस्कार मॅडम,

मी २७ वर्षांचा. काळाचौकीला चाळीत राहतो, ऐरोलीला आयटीत नोकरी करतो. उंची ५ फूट ३ इंच. शाळेच्या प्रत्येक वर्गफोटोत मी पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेलो आहे. गेल्या दीड वर्षात तीन ठिकाणी कांदेपोहे झाले, तिन्हीकडून नकार. बायोडेटात आम्ही ५-५ लिहितो. बुटात इनसोल घालतो, त्यामुळे कोणाच्या दारात बूट काढायची वेळ आली की पोटात गोळा येतो. ग्रुप फोटो टाळतो, मित्रांच्या लग्नांना जाणंही सोडलंय. रोज रात्री दाराच्या चौकटीला पाठ लावून पेन्सिलीची खूण करतो, हे वाचून तुम्ही हसाल.

इस्तंबूलच्या एका क्लिनिकशी बोलणं झालंय. दोन्ही मांड्यांच्या हाडात मॅग्नेटचा रॉड, साडेसात सेंटिमीटर वाढ, ९० दिवस राहणं, फिजिओ, सगळं मिळून ३४ लाख. ३० तारखेच्या आत अॅडव्हान्स भरला तर १० टक्के सूट. माझे १६ लाख साठलेत (बदलापूरच्या फ्लॅटसाठी होते), बाकी १८ चं पर्सनल लोन. घरी ऑनसाइट, म्हणजे कंपनीच्या कामाने परदेशी, जातोय असं सांगणार आहे. आईला बीपी आहे, ऐकून काहीतरी व्हायचं. बाबा बेस्टमधून रिटायर झालेत, ते बोलणारच नाहीत.

जाऊ का? आणि आईला न सांगणं चूक आहे का?

– पुढच्या रांगेतला


प्रिय पुढच्या रांगेतल्या,

उंचीवरून पत्र आलं की सचिन तेंडुलकरचं नाव घेऊन पाठ थोपटायची, अशी आम्हा सल्ला देणाऱ्यांची जुनी रीत आहे. मी ते करणार नाही. शंभर शतकं ठोकलेल्या माणसाची उंची कोणी मोजायला जात नाही. तुझी मोजतात. ते दुखतं, आणि 'उंचीत काय ठेवलंय' म्हणणारे बहुतेक वेळा पावणेसहा फुटांचेच असतात.

तुला तू म्हणते, कारण माझा भाचा तुझ्याच वयाचा आहे. मी एकतीस वर्षं पालिकेच्या रुग्णालयात फिजिओथेरपी केली. लोकलखाली आलेले, रस्त्यावर उडवलेले, पोलिओने एक पाय आखूड राहिलेले असे अनेकांचे पाय मी हातात धरले आहेत, आणि त्यांतल्या काहींचे लांब करताना पाहिलेही आहेत. म्हणून आधी तुझ्या पायांबद्दल बोलू. कांदेपोह्यांचं नंतर बघू, आणि आईचं सगळ्यात शेवटी, कारण तिथे मला तुझ्याशी थोडं भांडायचं आहे.

ही शस्त्रक्रिया मुळात उंचीसाठी निघालीच नव्हती. सैबेरियातल्या कुर्गान या गावी गावरिल इलिझारोव नावाच्या डॉक्टरने १९५०च्या दशकात ती बसवली. न जुळणारी हाडं, वाकडे आणि आखूड पाय यांच्यासाठी. व्हॅलेरी ब्रूमेल हा उंच उडीतला खेळाडू, १९६४च्या टोकियो ऑलिम्पिकचा सुवर्णविजेता, पुढच्याच वर्षी मोटरसायकलच्या अपघातात त्याच्या पायाचा चुरा झाला. बरीच ऑपरेशनं फसल्यावर तो इलिझारोवकडे पोचला आणि पुन्हा उडी मारू लागला. तत्त्व असं की हाड कापायचं, पाच-सात दिवस थांबायचं, मग दोन टोकं रोज एक मिलिमीटर दूर सारायची, तीही एकदम नाही, पाव पाव मिलिमीटर करत चार वेळा. मधल्या फटीत नवं हाड धरत जातं. आमच्या वॉर्डात याला 'रिंगा लावल्या' म्हणायचे. पायाभोवती लोखंडी कडी, हाडातून आरपार तारा, आणि तारांच्या भोकांतून पस येऊ नये म्हणून रोज ड्रेसिंग.

तुझ्या क्लिनिकचा रॉड ही त्याची सुधारलेली आवृत्ती. रॉड हाडाच्या पोकळीत असतो, बाहेरून मांडीवर एक यंत्र धरायचं, त्यातल्या चुंबकाने आतला रॉड फिरतो आणि लांबतो. बाहेर पिंजरा नाही, भोकं नाहीत. ही खरंच मोठी सोय आहे, मी ती नाकारत नाही. पण एक मिलिमीटरचा वेग मात्र तोच आहे, आणि तुझ्या ९० दिवसांचा हिशोब तिथेच अडतो.

साडेसात सेंटिमीटर म्हणजे ७५ मिलिमीटर. रोज एक म्हटलं तर ७५ दिवस. सुरुवातीचा आठवडा धर, ८२ झाले. म्हणजे तू विमानात बसशील तेव्हा वाढवणं जेमतेम संपलेलं असेल आणि नवं हाड ओल्या सिमेंटसारखं असेल. ते टणक व्हायला त्यापुढे कित्येक महिने लागतात. आम्ही ढोबळ मानाने सेंटिमीटरला एक महिना धरायचो, आणि बहुतेकदा त्याहून जास्तच लागायचा. टायटॅनियमच्या रॉडवर तोवर पूर्ण भार टाकता येत नाही. टाकला तर रॉड वाकतो किंवा मोडतो. पूर्ण भार पेलणारा स्टीलचा एक रॉड आला होता. त्याला गंज धरून आजूबाजूच्या हाडात बदल दिसायला लागले, तेव्हा २०२१ मध्ये बनवणाऱ्या कंपनीनेच तो परत मागवला. 'आमच्याकडे लगेच चालता येतं' असं तुला सांगितलं असेल, तर कुठल्या रॉडवर, किती किलो भार टाकून आणि कशाच्या आधाराने, हे लेखी घे.

आता क्लिनिकच्या पॅकेजमध्ये नसलेली काळाचौकी बघ. तुझी चाळ किती मजल्यांची आहे ते तू लिहिलं नाहीस, पण लिफ्ट नसणार एवढं मी पैजेवर सांगते. संडास गॅलरीच्या टोकाला असेल आणि भारतीय पद्धतीचा असेल, तर उकिडवं बसणं कित्येक महिने विसर. ऐरोलीला जायला तू कॉटन ग्रीनहून हार्बर पकडत असशील आणि वाशीला गाडी बदलत असशील. सकाळी साडेआठला त्या गाडीत वॉकर घेऊन चढून दाखव.

आणि दुखणं. हाड वाढतं, पण मांडीचे स्नायू, शिरा आणि नसा आपल्या मनाने वाढत नाहीत, त्या ताणल्या जातात. मांडी लांबवली की गुडघा वाकेनासा होतो. पोटरी लांबवली तर टाच जमिनीला टेकत नाही, माणूस चवड्यांवर चालायला लागतो. म्हणून रोज काही तास फिजिओ. पहिल्या तीन सेंटिमीटरपर्यंत पेशंट आमच्याशी गप्पा मारतो. पाचच्या पुढे गेलं की आम्ही दारात दिसलो तरी तो भिंतीकडे तोंड करतो. त्यांना दोष देत नाही मी, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. पाऊल वर उचलता येईना, अंगठा बधिर झाला, तर नस ताणली गेली असं समजून वाढवणं त्याच दिवशी थांबवावं लागतं. हे ओळखणारा माणूस जवळ हवा.

बाकीचे धोके भराभर सांगते. दोन्ही मांड्यांची हाडं एकाच दिवशी पोखरली की आतली चरबी रक्तातून फुप्फुसात जाऊ शकते. क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं. पायातल्या शिरेत गुठळी होऊ शकते, आणि ऑपरेशननंतरचा लांबचा विमानप्रवास तिला आयतंच निमंत्रण देतो. हाड धरलंच नाही तर कमरेचं हाड काढून तिथे भरावं लागतं. दोन पाय लहानमोठे राहू शकतात. रॉड काढायचं दुसरं ऑपरेशन वर्ष-दोन वर्षांनी असतंच. निव्वळ दिसण्यासाठी पाय लांब करण्यावर चीनने २००६ मध्येच बंदी घातली, ती उगाच नाही. सिगारेट ओढत असशील (लिहिलं नाहीस, पण आयटीतला आहेस म्हणून विचारते), तर हाड आणखी उशिरा धरतं.

समजून-उमजून, चांगल्या हातांनी, पुरेसा वेळ आणि पैसा ठेवून हे करून घेतलेले आणि समाधानी असलेले लोक आहेत. तेही मी तुझ्यापासून लपवत नाही.

पण तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिन्ही वेळा पायांपाशी न थांबता बुटांपाशी थांबले.

बायोडेटात ५-५. इनसोल घातल्यावर जिन्यात, रस्त्यावर तू साधारण तेवढाच दिसत असशील. मग मुलीच्या घरी दार उघडतं, 'या, या' होतं, आणि आपल्या सगळ्यांच्या घरात होतं तसं उंबऱ्याशी बूट काढावे लागतात. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तू दोन इंच खाली येतोस. पुढचा पाऊण तास त्या मुलीच्या आईच्या डोक्यात तुझा पगार नसतो, तुझा स्वभाव नसतो. एकच विचार असतो, 'हे खोटं लिहिलंय, आणखी काय खोटं असेल?' तुला तिन्ही नकार ५-३ मुळे आले असं वाटतंय. मला वाटतं त्यांतला निदान एखादा ५-५ मुळे आला असेल. आपल्या देशात पुरुषांची सरासरी उंची ५-५ च्या जवळपास आहे, म्हणजे तू सरासरीहून फक्त दोन इंच खाली आहेस. ५-३ म्हणजे काही जगावेगळं नाही. पण ५-५ च्या अपेक्षेने बसलेल्या घरात ५-३ शिरला की तो एकदम लहान दिसतो.

बायोडेटात खरी उंची लिहिलीस तर फोन कमी येतील, हे मला माहीत आहे. उंचीचा रकाना आपल्याकडे शिक्षणाच्याही वर असतो, आणि ५ फूट १ इंचाच्या मुलीलाही 'किमान ५-८' हवा असतो, हा मूर्खपणा मी रोज पाहते. पण जे फोन येतील ते ५-३ वाचून आलेले असतील. तिथे तुला उंबऱ्याची भीती राहणार नाही.

उलट ऑपरेशन करून ५-६ झालास असं धर. मग कांदेपोह्यांना काय सांगणार? मांडीतल्या रॉडचं? व्रणांचं? पुढच्या वर्षी रॉड काढायला सुट्टी घ्यावी लागेल त्याचं? की तिथेही ऑनसाइट? तुझी दोन इंचांची थाप आत्ता दारात उघडी पडते, ती नंतर एक्स-रेमध्ये उघडी पडेल, एवढाच फरक.

रोजच्या पेन्सिलीच्या खुणांचं मात्र मला हसू आलं नाही. रात्री मोजतोस म्हणून सांगते, माणूस सकाळी उठतो तेव्हा संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर तरी उंच असतो. दिवसभर उभं राहून मणक्यांमधल्या गाद्या दबतात. म्हणजे तू रोज मुद्दाम स्वतःची सगळ्यात लहान उंची नोंदवतोयस. लग्नांना जाणं सोडणं, फोटो टाळणं, रोज मोजणं हे सगळं एकत्र आलं की मला उंचीपेक्षा त्या विचाराची काळजी वाटते. शरीरातल्या एकाच गोष्टीभोवती मन असं फिरत राहण्याला वैद्यकात नाव आहे, त्यावर उपचारही आहेत, आणि तो विचार जागेवर असताना तीन इंच वाढले तरी माणसाला ते पुरत नाहीत. जबाबदार सर्जन म्हणूनच आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो. तुझ्या क्लिनिकने पाठवलं का? की व्हिडिओ कॉलवर वीस मिनिटं बोलून थेट कोटेशन दिलं? तुला तो विकार आहे असं मी म्हणत नाही, पत्रावरून कोणी तसं म्हणूही नये. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलि-मानसचा फोन आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. किंवा परळला केईएमच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढ. तुझ्या घरापासून फार लांब नाही.

आता आई.

एक मुलगी माझ्याकडे होती, एकोणीस वर्षांची. लहानपणी हाडात पू होऊन एक पाय चार सेंटिमीटर आखूड राहिलेला. तिला रिंगा लावल्या होत्या. दिवसा ती शहाणी असायची. रात्रीचं मला तिच्या आईने सांगितलं. पहाटे तीनच्या सुमारास ती उठायची आणि म्हणायची, 'आई, काढ हे, मला नको लांब पाय.' आई पलंगाखाली सतरंजीवर झोपायची, उठून नुसता तळवा चोळत बसायची. औषधाने जेवढं थांबायचं तेवढं थांबायचं, उरलेलं त्या चोळण्याने. रोज. एका पायाचे चार सेंटिमीटर, आणि ते गरजेचे होते, तरी हे.

तू परक्या देशात, दोन्ही मांड्या कापून, साडेसात सेंटिमीटरसाठी एकटा झोपणार आहेस. पहाटे तीनला कोणाला उठवशील? आणि आईचा रात्रीचा व्हिडिओ कॉल आला की कॅमेरा छातीच्या वर धरून 'हो, ऑफिसचं काम चाललंय' म्हणशील? रोज, नव्वद दिवस? तुझा चेहरा तिला कळणार नाही असं वाटतं तुला?

२०१६ मध्ये हैदराबादला असं झालं होतं. एका तरुणाने आईवडिलांना न सांगता उंचीसाठी हे ऑपरेशन करून घेतलं. आईवडिलांना कळलं तेव्हा त्याच्या पायांची हाडं कापून झाली होती, मग रुग्णालयात गोंधळ, वर्तमानपत्रांत बातम्या, डॉक्टरवर कारवाई. ते नशिबाने आपल्याच देशात, त्याच्याच शहरात होतं. तुझ्या आईला बातमी कळेल ती बहुधा तिसऱ्याच माणसाकडून, तुर्कस्तानातून, आणि तीही काहीतरी बिघडल्यावरच. बीपीचं म्हणशील तर त्यापेक्षा तू स्वतः समोर बसून सांगितलेलं बरं.

म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, चूक आहे. आईची परवानगी लागते म्हणून नाही. तू २७ वर्षांचा आहेस, पाय तुझे आहेत. पण या ऑपरेशनला वर्षभर मागे माणूस लागतो, आणि तुझ्याकडे असलेलं माणूस तूच वजा करून निघाला आहेस. बाबा बोलणार नाहीत म्हणतोस. बेस्टची नोकरी केलेला माणूस आहे, गर्दी कशी सांभाळायची ते त्याला माहीत असतं. वॉकर पकडायला तेच येतील बघ.

पैशाचं मी थोडक्यात सांगते. ३४ लाख भागिले ७५. मिलिमीटरला पंचेचाळीस हजार, जवळपास माझ्या शेवटच्या वर्षांतल्या महिन्याच्या पगाराएवढे. १८ लाखांचं कर्ज १४ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलंस तर ईएमआय ४२ हजारांच्या घरात जातो, आणि बदलापूरचा फ्लॅटही गेला. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियांना आरोग्य विमा पैसे देत नाही, आणि त्यातून निघालेली गुंतागुंत म्हणून केलेला क्लेमही बहुधा नाकारतो. हाड धरलं नाही तर पुढचं ऑपरेशन पुन्हा तुझ्या खिशातून. मुंबईत कोणाकडे करशील, हाही प्रश्न आहे. दुसऱ्याने अर्ध्यावर आणून ठेवलेली केस हातात घ्यायला आपले डॉक्टर नाखूश असतात, मी हे पुष्कळदा पाहिलंय. कुठला रॉड, कुठल्या मापाचा, कधी किती वाढवला, हे कागद आणि एक्स-रे नसतील तर विचारूच नकोस.

आणि ती सूट. हिंदमाताला साडीवर सूट असते, समजू शकते. मांडीचं हाड कापायला महिनाअखेरची सूट देणाऱ्या माणसाकडे मी माझा तुटलेला चष्मासुद्धा दिला नसता.

तर जाऊ नकोस, असं माझं मत आहे. निदान आत्ता नाही, आणि असा तर नाहीच. तुझ्या जागी मी हे करेन. बायोडेटा बदलेन, ५-३. पुढच्या वेळी कोणाच्या घरी जाताना चपला घालून जाईन, इनसोल घरी. मानसोपचारतज्ज्ञाला चार-सहा वेळा भेटेन. मुंबईतल्या एखाद्या हाडांच्या डॉक्टरला, ज्याला यातून एक पैसा मिळणार नाही अशाला, क्लिनिकचं कोटेशन दाखवून विचारेन की तिथे बिघडलं तर इथे माझी केस घ्याल का. तो काय म्हणतो यापेक्षा म्हणायच्या आधी किती वेळ गप्प बसतो ते बघ. हे सगळं करूनही सहा महिन्यांनी तुला जायचंच असेल तर मला परत लिही. तेव्हा आपण कुठला रॉड, कोणता सर्जन, सोबत कोण, यावर बोलू. मी रागावणार नाही.

आईला रविवारी दुपारी सांग, जेवणं झाल्यावर, बाबा घरात असताना. ऑनसाइट हा शब्द न वापरता. ती आधी रडेल, मग मामीला फोन लावायला जाईल, तेव्हा फोन काढून घे.

आणि आजच, हे वाचून झालं की, क्लिनिकला दोन ओळींचा मेल टाक की ३० तारखेला पैसे भरत नाही, सहा महिने थांबतोय. ते म्हणतील सूट जाईल.

जाऊ दे.